दाजींस, उंदराच्या चरबीविषयी

मुक्काम गाझियाबाद,
मार्गशीर्षातला गुरुवार

तीर्थस्वरूप दाजी,

ज्ञानोबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघा दुखत असेल तर पाय पुढे करण्याची तसदी घेऊ नये. आहेत तिथेच राहू द्यावेत, नमस्कार पोचेल.)

या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे, आक्काचं पित्त उतरलं का, आणि चांदी म्हशीच्या सडाची सूज ओसरली का, हे सविस्तर कळवावं. आक्का फोनवर सगळं सांगते, पण तिच्या सांगण्यात म्हशीची तब्येत आधी येते आणि तुमची नंतर. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिकडे दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. त्यामुळे म्हशीविषयी मला पुष्कळ माहिती आहे, तुमच्याविषयी अंदाजच बांधावा लागतो. मी इथे ठीक आहे. दिल्लीच्या हवेने घसा धरला आहे, पण तो इथे सगळ्यांचाच धरलेला असतो, त्यामुळे त्याला आजार म्हणत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर दाजी, तुम्ही फोन घेता तो दूध संकलन केंद्रावर, स्पीकर लावून, आणि तोही हातभर लांब धरून. मागे एकदा मी मूळव्याधीचं औषध विचारलं, तर दूध घालायला आलेल्या निम्म्या गावाने मला उपाय सुचवले. पुढची हकीकत निम्म्या गावासाठी नाही. ती उंदरांची आहे, आणि ती ऐकून गळ्यात माळ असलेल्या माणसाविषयी लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

कॉलेजने मला पीएच.डी.साठी रजा दिली, ती येत्या उन्हाळ्यात संपते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. निघताना प्राचार्य सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "ज्ञानोबाराव, पन्नाशीला टेकलेला माणूस शिकायला चाललाय, कौतुक आहे. पदवी नाही जमली तर निदान तिकडची ती तिळाची गजक तरी घेऊन या." सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी तेच करण्यासारखं होतं. वीस-बावीस वर्षं मी पोरांना प्राणिशास्त्र शिकवलं, फळ्यावर रंगीत खडूने पेशी काढल्या, त्यांना भागांची नावं दिली. पण जिवंत पेशी वाढताना मी स्वतः कधी पाहिली नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीवर इतकी वर्षं बोलणारा माणूस एक तर कीर्तनकार असतो नाहीतर मास्तर, आणि कीर्तनकाराविषयी निदान अनुभव असल्याचा संशय तरी येतो. तेव्हा पाहायचंच, असं ठरवून आलो.

इथे नोएडाच्या एका संस्थेत माझ्या मार्गदर्शक आहेत डॉ. अलकनंदा नेगी. गढवालच्या, माझ्यापेक्षा चांगल्या दहा-बारा वर्षांनी लहान. त्या मला "सर" म्हणतात, मी त्यांना "मॅडम" म्हणतो, आणि दारातून आधी कोणी जायचं यावर आमचा रोज वेळ जातो. दुसरी अबोली. आईवडील पुण्याचे, स्वतः जन्मापासून द्वारकेत (कृष्णाच्या नव्हे, दिल्लीतल्या) वाढलेली, मला "काका" म्हणणारी. तिची पीएच.डी. संपत आली आहे आणि मराठीही. तिसरा जयदीप, हरियाणाचा. मनाने चांगला आहे, पण सतत काहीतरी खात असतो.

काम असं. उंदराच्या मांडीच्या सांध्यापाशी, कातडीखाली, चरबीचा पांढरा पट्टा असतो. त्या चरबीत पूर्ण भरलेल्या पेशींच्या मध्ये मध्ये काही लहान पेशी दडलेल्या असतात, ज्यांचं अजून काय व्हायचं ते ठरलेलं नाही. त्या वेगळ्या काढायच्या, प्लेटमध्ये ठेवून खाऊ घालायचं, वाढवायचं, आणि मग एक औषध देऊन त्यांना चरबी व्हायला लावायचं. हे बघितलं की कळतं, एकाची चरबी मुकाट्याने साठते आणि दुसऱ्याची अंगात साखर का वाढवते. औषधं त्यातूनच निघतात. म्हणजे काम चांगलं आहे. उंदरांना ते समजावून सांगता येत नाही, एवढीच अडचण. जीव घेण्याचं काम प्राण्यांचे डॉक्टर करतात, नियमाप्रमाणे, उंदराला कळ लागू न देता. पण पुढची कात्री माझ्या हातात असते. मी त्या वेळी ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतो. जयदीपने एकदा विचारलं, "सर, आप चूहे से क्या बात करते हो?" मी म्हणालो, त्याच्याशी नाही, त्याच्याबद्दल बोलतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मला सहा उंदीर मंजूर केले होते. दोन-दोनच्या तीन खेपा. यातून पेशी वाढल्या तर माझं काम उभं राहणार, नाहीतर प्राचार्यांना गजक. नवा अर्ज केला तर आणखी उंदीर मिळतात, लोक करतातही. पण सहाच्या वर सातवा माझ्यासाठी मरणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

पहिली खेप. चरबी कात्रीने बारीक करायची. मी मॅडमना सांगितलं, आमची आक्का मेथी चिरते इतकी बारीक करतो. त्या म्हणाल्या, "उससे भी बारीक." ती केली. मग ती एका पाचक द्रवात, अंगाच्या उबेइतक्या गरम ठेवून हलवत राहायची, म्हणजे पेशी सुट्या होतात. गाळणीतून गाळायचं आणि नळीत भरून यंत्रात गरगर फिरवायचं. नळी बाहेर काढली, दाजी, आणि मला माझं लहानपण दिसलं. वर छान पिवळसर साय, खाली पाणी, आणि अगदी तळाला चिमणीच्या डोळ्याएवढा गुलाबी गाळ. शाळेत असताना तुमच्याकडे राहायला होतो तेव्हा केंद्रावरचं फॅट काढायचं यंत्र हाताने फिरवायला तुम्ही मलाच बसवायचात, आठवतं? नळीत वर आलेली फॅट वाचायची, बाकीचं मोरीत. एकदा मी वरचं सांडलं तेव्हा तुम्ही टपली मारून म्हणाला होतात, "अरे, वर येतं तेच दूध, खाली राहतं ते पाणी!" तर हाताने आपलं काम केलं. साय जपून दुसऱ्या नळीत काढून घेतली आणि बाकीचं सगळं जंतुनाशकाच्या बादलीत ओतून दिलं. मॅडम मागे उभ्या होत्या.

"सर, नीचे वाला कहाँ है?"

मी अभिमानाने सांगितलं, "फेंक दिया."

मॅडमनी वाकून बादलीत पाहिलं. शेवटी अबोलीने समजावलं. भरलेल्या पेशी वर तरंगतात, त्या आता वाढायच्या नाहीत, आपल्या काही कामाच्या नाहीत. ज्यांचं अजून काही व्हायचंय त्या तळाला जातात. "ती वरची, काय म्हणालात काका तुम्ही, साय? साय म्हणजे मलाई ना? ती फेकायची." मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, वहीतही लाल शाईने लिहिलं होतं. पण हात वही वाचत नाहीत. आणि ही चूक मी एकट्याची मानत नाही, दाजी. त्या टपलीचा यात निम्मा वाटा आहे. दोन उंदीर तुमच्यामाझ्यात गेले.

दुसऱ्या खेपेला मी तळाचा गाळ असा जपला की बघणाऱ्याला वाटावं दागिना आहे. पेशी प्लेटला चिकटल्या, वाढायला लागल्या. त्याच सुमाराला गणपती होते. अबोलीच्या आईने द्वारकेच्या सोसायटीत आरतीला बोलावलं. मूर्ती सुरेख होती. पण मी हात जोडले आणि नजर गेली ती पायाशी बसलेल्या मातीच्या उंदराकडे. हातात मोदक धरून तो थेट माझ्याकडे बघत होता. आरती होईपर्यंत मी सोंडेच्या वर नजर ठेवली. (प्रसादाचा मोदक मात्र घेतला. दोन.) आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी चंद्रग्रहण.

रविवार होता. वेध दुपारपासून. मला पेशींना खाऊ घालायला जायचं होतं. घरमालकीणबाई, ज्यांना इथे सगळे माताजी म्हणतात, त्यांनी निघताना गच्चीवरच्या तुळशीची तीन पानं हातावर ठेवली. एक डब्यात टाकलं, एक पाण्याच्या बाटलीत, तिसरं हातात उरलं. प्रयोगशाळेत कुणी नाही. इन्क्युबेटर उघडला. हे पेशी ठेवायचं कपाट. आत अंगाची ऊब असते आणि हवा ओलसर राहावी म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे. दाजी, मला ते पाणी दिसलं. वेध लागलेत, पाणी उघडं आहे, आणि हातात तुळस आहे. आपल्याकडे अशा वेळी कुणी विचार करतं का? मी मात्र केला. शास्त्राचा माणूस आहे. पान आधी स्पिरिटने दोन्ही बाजूंनी पुसलं. मग ट्रेमध्ये सोडलं, अगदी मागच्या कोपऱ्यात, प्लेटना लागणार नाही असं. दार लावलं. मन शांत झालं. (इतकं शांत ते नंतर कधी झालं नाही.)

त्या आठवड्यात प्लेटवर पांढरा कापूस उगवला. बुरशी. माझ्या प्लेटवर, आणि त्याच कपाटात असलेल्या अबोलीच्याही. तिने सगळा उन्हाळा ज्या पेशी वाढवल्या होत्या त्या गेल्या. सगळे कपाटाभोवती जमले. अबोलीने डोळे पुसत ट्रे बाहेर ओढला आणि चिमट्याने ते काळपट झालेलं पान वर उचललं.

"ये क्या है? पुदीना?" आणि तिने सरळ जयदीपकडे पाहिलं. "जयदीप! तेरी चटनी!"

"ओ मॅडम! मैं मोमो लाल चटनी से खाता हूँ! पूछ लो नीचे वाले से!"

तो बिचारा खरोखरच मोमोवाल्याला वर बोलवायला निघाला. तेव्हा मी म्हणालो, "पुदीना नहीं है. तुलसी है. मेरी है."

अलकनंदा मॅडमनी तिच्या हातून चिमटा घेतला आणि पान उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ग्रहण था उस दिन?" मी मान हलवली. "मेरी माँ भी डालती हैं," त्या म्हणाल्या, "फ्रिज में." आणि चिमटा खाली ठेवत, "पर वो फ्रिज है, सर."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून अबोलीने मला "काका" म्हणणं सोडलं आणि "सर" म्हणायला लागली. माझ्या आयुष्यात एवढा आदर मला कधी टोचला नव्हता. मी ते कपाट फळ्या काढून, कोपरा कोपरा घासून धुतलं. तिच्या नव्या पेशींचं खाद्य बनवून द्यायचं काम मागून घेतलं. ती "थँक यू, सर" म्हणायची. मी पुढची बाटली धुवायला घ्यायचो.

उरले दोन उंदीर. मॅडमनी एक दिवस बोलावून सांगितलं की शेवटची खेप जयदीपला करू द्यावी, त्याचा हात बसलेला आहे, पेशी तुमच्याच राहतील. सांगताना त्या माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावत होत्या. मी म्हणालो, "नहीं मॅडम. मैं ही करूँगा."

"और बिगड़ा तो?"

"तो मेरे हाथ से बिगड़ेगा. जिसके नाम पर जान जाएगी, कम से कम हाथ तो उसी का हो."

त्यांनी टोपण लावलं आणि हो म्हणाल्या.

दाजी, नवरात्रभर मी सराव केला. हाताची जुनी सवय मोडायची होती. रोज सकाळी दूध घ्यायचो, सायीसकट लांब नळीत भरायचो, आणि वरची साय अलगद खेचून टाकून द्यायचो, खालचा थेंबही न हलवता. पहिल्या दिवशी साय टाकताना माझे डोळे आपोआप मिटले. तुम्ही दारात उभे असाल असंच वाटत राहिलं. माताजींनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाळाला हात लावून विचारलं, "बेटा, घर पर सब ठीक है ना?" मी सांगितलं की परीक्षेचा अभ्यास आहे. त्या दिवसापासून गच्चीवरचं मांजर माझ्या दारातच राहायला आलं आणि दसऱ्यापर्यंत दुप्पट झालं. म्हणजे चरबी तयार करण्याचा माझा पहिला यशस्वी प्रयोग ते मांजर.

दसऱ्यानंतर शेवटची खेप केली. नाव घेतलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, मी वळून पाहिलं नाही. साय खेचली, टाकली. पाणी खेचलं, टाकलं. तळाशी तो ठिपका जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं तर पेशी प्लेटच्या तळाला पाय पसरून बसल्या होत्या, सासरी आलेली मुलगी पहिल्यांदा ओट्यावर मोकळी होऊन बसते तशा.

आणि मग दिल्लीची हवा आली. दरवर्षी येते तशीच, पण या वेळी धूर एवढा की समोरची इमारत दिसेना. शाळा बंद, कार्यालयांना निम्म्याच माणसांनी यावं असा हुकूम. आमच्या संस्थेच्या यादीत माझं नाव नव्हतं. पेशींना मात्र एक दिवसाआड खाद्य लागतंच, त्यांना हुकूम पोचत नाही. मी तोंडाला मास्क बांधून मेट्रोने गेलो. फाटकावर गार्डने अडवलं.

"लिस्ट में नाम नहीं है, सर."

"भैया, अंदर खाना देना है."

"चूहों को?"

"चूहे तो गए."

"तो फिर किसको?"

आता याला काय सांगायचं? मी म्हणालो, जे उरलेत त्यांना. गार्डने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, आप घर जाइए. आराम कीजिए." शेवटी मॅडमना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने फाटक उघडलं आणि पुढे दर वेळी मी आत जाताना हळू आवाजात विचारायचा, "बच्चे ठीक हैं, सर?" मी सांगायचो, वाढताहेत.

वाढल्या. मग त्यांना ते औषध दिलं आणि वाट पाहिली. वाट पाहणं मला जमतं, गावच्या एसटीने शिकवलं आहे. पेशी हळूहळू गोल झाल्या, आत बारीक चमकते थेंब धरले. शेवटी तो तांबडा रंग घातला, जो फक्त तेलालाच चढतो. मी भिंगाला डोळा लावला. लाल थेंब, हजारो, आक्काच्या रश्श्यावर तर्री येते तसे. एकेका पेशीत गच्च भरलेले. मी नुसता बघत राहिलो. सहा जीव डोळ्यांसमोरून गेले. फळ्यावर खडूने काढलेलं सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"काका!" मागून अबोली ओरडली. "तुम्ही रडताय? हटो ना यार, लेन्सवर पडेल!"

काका म्हणाली, दाजी.

असो. तर अशी सगळी खुशाली. हे पत्र मी केवळ मन मोकळं करायला लिहिलं. कसलीही अपेक्षा नाही. आक्काला नमस्कार, चांदीच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरवावा.

आपला मेहुणा,
ज्ञानोबा

ता. क. पत्र इथेच बंद करणार होतो, पण पाकिटात जागा आहे. माझा निम्मा प्रबंध झाला. उरलेल्या निम्म्यासाठी मॅडमनी दोन वाटा सांगितल्या: नव्या उंदरांचा अर्ज, किंवा माणसाची चरबी. पहिली वाट मी बंद करून टाकली आहे. दुसरीसाठी इथल्या एका दवाखान्याशी संस्थेचा रीतसर करार आहे. पोटाचं ऑपरेशन करताना सर्जन चिमूटभर चरबी बाजूला काढून देतात, रुग्णाने आधी लेखी हो म्हटलं तरच. मी आठवडाभर वॉर्डात लोकांना विनवतोय. चरबी म्हटलं की माणसं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढतात. एक गृहस्थ तयार झाले, तर त्यांच्या सूनबाईंनी मलाच दरवानाच्या हवाली केलं. परवा आक्काकडून कळलं की (म्हशीनंतर) तुमचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय आणि कुठे करावं हे तुम्हाला सुचत नाही. तर ते इथे करावं. सर्जन उत्तम आहेत. मी पायाशी बसून राहीन. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, गावात कळायचं कारण नाही. उंदरांना विचारायची सोय नव्हती. तुम्हाला विचारता येतं, आणि तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.

ता. ता. क. आक्काशी मी या विषयावर बोललो नाही, असं वर कुठेही लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. बोललो आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "चिमूटभर कशाला मागतोस? चांगली पातेलंभर काढून घे." तुम्हा दोघांची तिकिटं तिने कालच काढून घेतली आहेत, संक्रांतीनंतरची. तेव्हा नाही म्हणायचं झाल्यास कृपा करून ते तिलाच सांगावं. माझी हिंमत नाही.